पंचवीस माणसांची तेरवी

माणूस गेला की तेराव्या दिवशी गावाला जेवू घालावं, ही रीत जुनी. किती जणांना घालू नये, हा हुकूम नवा. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पावसानं दगा दिला होता, धान्याची टंचाई होती, आणि टंचाईत राज्य चालवायचं तर पाहुण्यांना आवर घालणं भागच होतं. शासनाचं म्हणणं रास्त होतं. चूक झाली ती पुंजाजींची. ते नेमके अशा वर्षी वारले.

पुंजाजी लोणारकडच्या बीबी गावापुढच्या एका खेड्यातले लहानसे शेतकरी, आणि पंचक्रोशीत रोडग्यांचे जाणकार. कुठंही नवसाचं जेवण असलं की कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायला पुंजाजीच लागत. स्वतः ते सगळ्यात शेवटी जेवत. आधी जेवलं की विस्तवावरचं लक्ष उडतं, असं त्यांचं मत होतं. जाण्याआधी त्यांनी साखरखेर्ड्याला दिलेल्या एकुलत्या एका लेकीला, पुष्पाबाईला, जवळ बसवून सांगितलं होतं, "तेरवीले रोडगे करजो, अन् सारं गाव एका पंगतीत बसवजो. एका, बरं काय. म्या लय गावात वाढलं, पन अशी पंगत काही पाह्यली नाही."

पुष्पाबाई हो म्हणाली. अशा वेळी दुसरं काही म्हणता येत नाही.

रोडग्यांचं तिनं जमवलं. गावानं घरोघरून मूठमूठ गहू आणून दिला. पंगतीचं मात्र जमणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. गावात पाटलांची पंगत वेगळी, गड्यांची वेगळी, बायांची सगळ्यांचं आटोपल्यावर, आणि नाल्यापलीकडच्यांची नाल्याकाठी, हाक पोचेल इतक्या अंतरावर. बापाचा अर्धा शब्द तरी पाळू, असं तिनं मनाशी ठरवलं.

रोडगे निखाऱ्यातून बाहेर निघाले, पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या, आणि पुरवठ्याचे निरीक्षक रंगराव अंगणात येऊन उभे राहिले. लोणारहून यष्टीनं आणि पुढं पायी आले होते. घाम पुसून ते म्हणाले, "आपल्या दुःखात शासन सहभागी आहे. किती माणसं जेवणार?"

"गाव," पुष्पाबाई म्हणाली.

"गाव चालणार नाही. पंचवीस चालतील. सव्विसावा माणूस बसला की अन्न जप्त."

अंगणात, ओट्यावर, रस्त्यावर मिळून दोनशेच्या वर लोक होते. पुष्पाबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रोडग्यांच्या राशीकडे. अर्धा शब्दही हातातून चालला होता.

तेव्हा सरपंच हिंमतराव पुढे झाले. "साहेब, घाबरू नोका. आमच्या गावात मानसं तशी कमीच हायेत."

"हे सगळे दिसताहेत ते?"

"दिसू द्या. आता पाहा, ह्या बाया. बाया रांधतात, वाढतात. त्यायले पाहुना कोन म्हनते?"

रंगरावांनी विचार केला. त्यांच्या घरीही तसंच होतं. "वजा," ते म्हणाले.

"पोरं?"

"वजा."

"हा उकंडराव अन् हे बाकी गडी. लाकडं फोडली, पानी भरलं. कामाले आलेल्या मानसाले आवतन नसते, काम असते."

"वजा. आणि ते नाल्याकाठी उभे आहेत ते?"

"त्यायले तं आमी पंगतीतच धरत नाही, मंग मोजनीत काऊन धरा?"

रंगराव थक्क झाले. "सरपंच, तुमच्याकडे यंत्रणा फार जुनी दिसते."

"पिढ्यान्‌पिढ्याची," हिंमतराव विनयानं म्हणाले.

शेजारची मंजुळाबाई पदर खोचून पुढे आली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिची जीभ मोकळी झाली होती. "हिंमतराव, मी कोनात हावो बापा? मालक होते तवा त्यायची बायको म्हनून धरत. ते गेले, तं कार्यात समोर येऊ नको म्हनत. आज काय हाय?"

"आज तू नाहीस, वहिनी."

"बरं झालं. इतके दिवस उगंच संशय होता."

लोक हसले. हिंमतरावही हसले, कारण मंजुळाबाई मोजणीतून गेली होती.

"आणि या बाई?" रंगरावांनी पुष्पाबाईकडे बोट दाखवलं.

"पुष्पी? ती दिल्या घरची. ह्या गावात धरता येत नाही."

"मग सासरच्या गावात?"

"तिथं ती सून. म्हंजे बाया वजा केल्या त्यात गेली."

आपण दोन्ही गावांतून वजा झाल्याचं पुष्पाबाईनं ऐकून घेतलं, आणि ती वरणाचं भांडं खाली उतरवायला गेली.

शेवटी बरोबर पंचवीस उरले. सगळे फेटेवाले, आणि बहुतेक हिंमतरावांच्या भावकीतले. ते मोठ्या रुबाबात पत्रावळींवर बसले. त्यांच्या वरच्या अंगाला, पाटावर, पुंजाजींचं पान मांडलं होतं. रंगराव म्हणाले, "एक राहिलंच. माणशी दोन रोडगे, त्यावर नाही. हेही हुकुमात आहे."

"अन् बाकीच्यायले?" उकंडरावानं लांबून विचारलं.

रंगराव बराच वेळ आठवत राहिले. "माणूस नसलेल्यांबद्दल शासनानं अजून काही ठरवलेलं नाही."

"म्हंजे पोटभर?"

"हरकत घेता येणार नाही."

मग नाल्याकाठचे लोक पुढे आले, गडी आले, बाया आल्या, पोरं आली. मोजणीतून गेलेल्यांच्या वेगवेगळ्या पंगती कशा बसवायच्या, याबद्दल गावाचाही काही नियम नव्हता. बसले सगळे एका ओळीत. गरम रोडगा फुटला, त्यात तूप गेलं, वांग्याच्या भाजीचा वास सुटला. रंगराव सकाळी चहावर निघाले होते. त्यांनी आवंढा गिळला, तो पुष्पाबाईला दिसला.

"भाऊ, जेवून घ्या."

"नको बाई. मी सव्विसावा होईन."

"तुमी मानूस म्हनून आले काय?"

रंगरावांनी नोकरीत इतकी वर्षं काढली, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "नाही," ते सावकाश म्हणाले, "मी शासन म्हणून आलो आहे." आणि ते उकंडराव आणि मंजुळाबाईच्या मध्ये जाऊन बसले.

"सरका वो," मंजुळाबाई शेजारणीला म्हणाली, "सरकारले मांडी घालू दे."

माणसांच्या पंगतीत दोन-दोन रोडगे लवकरच संपले. पलीकडे पाचवा, सहावा चालला होता. फेटेवाले पत्रावळीच्या काड्या मोजत बसले. मग त्यातल्या एकाला आठवलं, की आपण सकाळी चार लाकडं उचलून दिली होती, म्हणजे आपण गडीच. तो उठून पलीकडे गेला. दुसरा म्हणाला, माझं घरात कोणी ऐकत नाही, मला बायांत धरा. तिसऱ्यानं कारणच दिलं नाही. शेवटी एकटे हिंमतराव राहिले. पिढ्यान्‌पिढ्यांचा भार त्यांनी एकट्यानं थोडा वेळ पेलला.

"साहेब," ते ओरडले, "सरपंच म्हंजे अर्धं शासनच ना?"

"या, या," रंगराव भरल्या तोंडानं म्हणाले.

जागा एकच उरली होती, नाल्यापलीकडच्या म्हाताऱ्याच्या शेजारी. हिंमतरावांनी आधी जागेकडे पाहिलं, मग रोडग्यांकडे, आणि ते बसले. म्हाताऱ्यानं त्यांच्यासाठी पत्रावळ सरळ केली.

हात धुऊन रंगरावांनी पाहणी केली. माणसांच्या पंगतीत आता पाटावरचं तेवढं पान होतं. "जेवलेली माणसं, एक," ते म्हणाले. "तीही मयत. मर्यादेचा भंग नाही."

पुष्पाबाई त्या पानाशी आली. पानावर नियमाप्रमाणे दोनच रोडगे होते. तिनं तिसरा ठेवला, फोडला, आणि वर तूप सोडलं. रंगराव त्या वेळी आभाळाकडे बघत होते. मग त्या लांब ओळीच्या टोकाला, अगदी शेवटी, ती स्वतः जेवायला बसली.

पुढे हुकूम उठला. गावातली माणसं पुन्हा माणसं झाली आणि आपापल्या पंगतीला जाऊन बसली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं, आता आपल्याकडे अशा वेगळ्या पंगती राहिल्या नाहीत. बरोबर आहे. ज्यांना वेगळं बसवावं लागेल त्यांना आता आपण बोलावतच नाही.