जावयाचा डॅशबोर्ड

डॅशबोर्डच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! अंधेरीच्या ऑफिसात गेली नऊ वर्षं मी दुसरं करतो काय? कॉम्प्युटरच्या पडद्यावर डॅशबोर्डच बनवतो. कंपनीची विक्री, तक्रारी, उशिरा गेलेला माल, सगळं कसं रंगीत गोलांमध्ये. साहेब ते उघडून बघत नाहीत, ही गोष्ट वेगळी. साहेब फोन उचलून विचारतात, "चैतन्य, आपलं बरं चाललंय ना?" मी म्हणतो, "हो सर." संपला डॅशबोर्ड!

तर एवढा अनुभवी माणूस घरात असताना सासरेबुवांच्या गाडीचा डॅशबोर्ड बाहेर कुणाकडून करून घ्यायचा म्हणजे माझा अपमानच होता. म्हणून मी तो स्वतः केला. पुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सासरेबुवांची, म्हणजे नानांची, एक जुनी पद्मिनी आहे. स्वरदा, म्हणजे माझी बायको, जन्मली तेव्हा तिला ह्याच गाडीतून घरी आणलं होतं. नंतर गाडी म्हातारी झाली, नाना निवृत्त झाले, आणि मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत ती अकरा वर्षं एका कोपऱ्यात विटांवर उभी होती. तिच्या टपावर मांजरं व्यायची आणि बॉनेटवर वॉचमनचे कपडे वाळायचे. शेवटी कमिटीची नोटीस आली, गाडी हलवा. नानांनी मुकाट्याने भंगारवाल्याचा नंबर शोधला.

"भंगारात? नाना, वेडे आहात का!" मी म्हणालो. "आपण तिची हॉट रॉड करू!"

"म्हणजे?"

"जुनी गाडी घ्यायची. नको ते सगळं काढून टाकायचं. बुटकी करायची, रंग भडक द्यायचा आणि आवाज वाढवायचा."

"आमच्या चेअरमनसारखी," नाना म्हणाले.

माझा जीव जडला होता हो त्या गाडीवर. मला ती हवीच होती. पण नाना जुन्या वळणाचे. जावयाला ते 'चैतन्यराव' आणि 'तुम्ही' म्हणतात. अगदी आदराने बोलतात, आणि मग आदराने अट घालतात.

"चैतन्यराव, दसऱ्याला मी दरवर्षी जोगेश्वरीला मालूताईकडे सोनं द्यायला जातो. यंदा ह्याच गाडीतून जाऊ आणि ह्याच गाडीतून येऊ. सुखरूप झालं तर गाडी तुमची. पण माझ्या गाडीला रस्त्यात एकदा जरी धक्का मारावा लागला, तर एकादशीला भंगारवाला! ती रस्त्यात लोकांच्या हातून ढकलली जाताना मला बघवणार नाही."

मालूताई म्हणजे नानांची थोरली बहीण, मालन. मी म्हटलं, धक्का? माझ्या गाडीला? मंजूर!

इंजिनाचं काम भांडुपच्या गुणाजीकडे दिलं. गुणाजी मालवणचा, साठीचा, आणि गाडीशी जितकं बोलतो तितकं माणसांशी बोलत नाही. त्याने इंजिन उतरवलं, धुतलं, परत चढवलं. रेडिएटरला विजेवर चालणारा नवा पंखा बसवला. रंग काळा, आणि बॉनेटवर नारिंगी ज्वाळा. ज्वाळा बघून नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण ते सोडा.

आता डॅशबोर्ड. ह्या कामाला मी गुणाजीला हातच लावू दिला नाही! आमच्या बाल्कनीत बसून तीन आठवडे खपलो. ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, घासला, चकचकीत केला. मधोमध स्पीडचा मोठा डायल, आजूबाजूला चार लहान डायल: तापमान, ऑइल, बॅटरी, पेट्रोल. खाली विमानात असतात तशी खटक्यांची बटणं. एक हॉर्नचं, एक दिव्यांचं, एक रेडिएटरच्या पंख्याचं. आणि दोन कसलीच नाहीत, नुसती शोभेची.

पण खरी कमाल पुढेच आहे! रेसच्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरला आकडे वाचायला वेळ नसतो. म्हणून तिथे डायल सरळ बसवतच नाहीत, थोडे फिरवून बसवतात. इंजिनाचं नेहमीचं तापमान समजा पंचाहत्तर. तर डायल असा फिरवायचा की पंचाहत्तरचा आकडा बरोब्बर माथ्यावर यावा. टाकी फुल असली की पेट्रोलचा काटा माथ्यावर. ऑइल तसंच, बॅटरी तशीच. म्हणजे सगळं ठीक असेल तर चारही काटे सरळ उभे! आकडे बघायचेच नाहीत. आता डायल फिरवले की त्यांच्यावरचे आकडे तिरपे होणार, हे ओघानं आलंच.

"कळलं का, स्वरदा? काटे सरळ म्हणजे गाडी मजेत!"

"हं," स्वरदा म्हणाली. तेव्हा मिक्सरमध्ये खोबरं फिरत होतं. पण मान हलवली म्हणजे कळलं, असं मी समजलो. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी मी अजून असं समजतो.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या आवारात गाडी चालू केली. दहा मिनिटांत एकेक काटा उठला आणि चौघे ताठ उभे राहिले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी गाडी बंद केली, काटे झोपले, आणि डॅशबोर्डवर जुनी चादर टाकून ठेवली. दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांना एकदमच दाखवायचा होता ना!

दसऱ्याला सकाळी नाना, स्वरदा आणि पूजेसाठी मुद्दाम बोलावलेला गुणाजी, असे तिघे गाडीपाशी जमले. मी चादर ओढली.

नानांनी मान डावीकडे कलती करून बघितलं. गुणाजीने उजवीकडे. स्वरदा नुसतीच हसली. मी मनात म्हटलं, बघा! थक्क झाले! शब्द फुटत नाहीत माणसांना!

"फारच... मेहनत घेतलीत, चैतन्यराव," नाना शेवटी म्हणाले. "तुम्ही असं करा, आंघोळ करून घ्या. तोवर आम्ही पूजेची तयारी करतो."

कौतुकाने तरंगतच मी वर गेलो. चांगला पाऊण तास आंघोळ केली, नवा कुर्ता घातला. खाली आलो तर पूजा झालेलीसुद्धा! डॅशबोर्डवर झेंडूची माळ, आणि प्रत्येक डायलच्या काचेवर हळदीकुंकवाची मोठ्ठी बोटं. स्वरदाने जरा सढळ हातानेच लावलं होतं. आकडा एकही दिसत नव्हता. म्हटलं, नसू दे! आपल्याला आकडे लागतात कुठे?

दुपारी श्रीखंड-पुरी झाली आणि चार वाजता आम्ही निघालो. मी चालवायला, शेजारी सिल्कच्या झब्ब्यात नाना, मागे आपट्याची पानं घेऊन स्वरदा. गाडीचा आवाज असा की नाहूरच्या पुलावर माणसं वळून वळून बघत होती. नानांनी छाती जरा पुढे काढली, ते मी बघितलं.

भांडुप आलं तेव्हा मी डायलकडे नजर टाकली. पाहतो तर काय, चारही काटे चार दिशांना! सोसायटीच्या मीटिंगला जमल्यासारखे! पेट्रोलचा काटा पार उजवीकडे पडलेला. म्हणजे माझ्या हिशेबाने टाकीत फुलपेक्षाही जास्त पेट्रोल! म्हटलं, पंपवाला फारच भला माणूस दिसतो. आणि तापमानाचा काटा डावीकडे कललेला. म्हणजे इंजिन अजून थंड.

"थंडच आहे अजून," मी म्हणालो.

"कोण?" नानांनी विचारलं.

"इंजिन. गरम व्हायला वेळ घेतंय. म्हातारं आहे ना."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की विषय मी वाढवला नाही.

पवई गेलं. काटा अजून डावीकडेच! माणसाला एकदा स्वतःची हुशारी पटली की मग देवसुद्धा त्याला वाचवू शकत नाही. मी विचार केला, इंजिन थंड का? अर्थात, गुणाजीचा नवा पंखा! जास्तच वारा घालतोय! मी खटका दाबून पंखा बंद केला.

"काय बंद केलंस रे?" मागून स्वरदा.

"तुला नाही कळायचं. डॅशबोर्डचं लॉजिक आहे."

आणि काय सांगू! काटा हलला! हळूहळू वर यायला लागला. आरेच्या बाजूला ट्रॅफिक तुंबलेला, सगळ्या गाड्यांना झेंडूच्या माळा, आणि मधे आम्ही मुंगीच्या पावलांनी. काटा आणखी वर. जोगेश्वरीला हायवे ओलांडला, मालूआत्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, आणि काटा ताठ, सरळ, माथ्यावर!

"बघा नाना!" मी ओरडलोच. "सरळ! आता कुठे गाडी मजेत आली!"

त्याच क्षणी बॉनेटमधून 'फुस्स्स' असा आवाज आला आणि त्या रंगवलेल्या ज्वाळांमधून खरीखुरी वाफ निघाली! इतकी की समोरचं काही दिसेना. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

"चैतन्यराव," नाना शांतपणे म्हणाले, "ही मजेत आहे?"

बाजूचा रिक्षावाला वाकून बघत म्हणाला, "झकास साहेब! धूर पण सोडते? कितीला पडला हा इफेक्ट?"

माझी पार वाट लागली होती. पानं द्यायचं घर तीनशे पावलांवर, मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्नवर बसलेले. मी गुणाजीला फोन लावला. स्पीकरवर.

"गुणाजी, वाफ निघतेय! काटा तर एकदम सरळ आहे!"

"सरळ म्हंजे शंभरार! पाणी उकाळला असतला! पंखो चालू नाय काय?"

"सरळ म्हणजे पंचाहत्तर! मी फिरवून बसवलेत डायल!"

मग गुणाजी म्हणाला, "अरे, ती घड्याळा वाकडी बसली होती ना? ती मी सकाळीच सरळ करून ठेवलंय. तू न्हाऊक गेल्लय तेव्हा. नानांनी सांगल्यानी. काय काळजी करू नको, एक पण वाकडा रवला नाय!"

मी फोन बंद केला. नानांकडे बघितलं. नाना खिडकीबाहेर बघत होते. आरशात स्वरदाकडे बघितलं. ती आपट्याची पानं मोजत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" माझा आवाज चिरकला. "दोघांना? तीन आठवडे! तीन आठवडे मी बाल्कनीत पत्रा घासत होतो, आणि तुम्ही मला एक शब्द सांगितला नाहीत?"

"मला वाटलं घाईत वाकडे बसले," स्वरदा म्हणाली.

"मी तुला सगळं समजावलं होतं!"

"कधी?"

"मिक्सर चालू होता तेव्हा!"

"मिक्सर चालू असताना तू बोललास, ते मला ऐकू आलं असेल असं तुला का वाटलं?"

मी नानांकडे वळलो. "आणि तुम्ही, नाना? एकदा विचारायचं तरी!"

नाना माझ्याकडे वळले. चेहरा अगदी पडला होता. "चैतन्यराव, लग्नात तुमचे पाय धुतलेत मी. सणासुदीच्या दिवशी, गुणाजीसमोर, तुम्हाला चुकलात म्हणू? जावयाचा काही मान असतो की नाही? म्हटलं, तुम्ही आंघोळीला गेलात की गुपचूप नीट करून टाकू. तुम्हालाही वाईट वाटायला नको."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? माझा मान राखायला त्यांनी माझंच इंजिन उकळवलं होतं! पण गाडीचं काय? इथून ती धक्क्याशिवाय हलणार नव्हती, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही. उद्या एकादशी. सकाळी भंगारवाला. मला खरोखर रडू यायला लागलं.

नानांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. मागे बारा-पंधरा हॉर्न वाजत होते, पण नानांना घाई नव्हती.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "गाडी तुमची, चैतन्यराव. आत्तापासून. ह्या क्षणापासून."

"नाना!" मी त्यांचे पायच धरले. त्या बुटक्या गाडीत बसल्या बसल्या पाय धरणं सोपं नाही, गिअर बरगडीत घुसतो. पण धरले. स्वरदाही मागे डोळे पुसत होती.

"पुरे, पुरे. उठा," नाना म्हणाले. "आता उतरा."

"उतरू?"

"माझ्या गाडीला धक्का मारायचा नाही असं ठरलं होतं. तुमच्या गाडीला मारायला माझी काही हरकत नाही. स्टिअरिंग मी धरतो. झब्बा सिल्कचा आहे माझा."

मी उतरलो. स्वरदाही उतरली. मला वाटलं हातभार लावायला, पण तिने मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. वर गॅलरीत मालूआत्या ओवाळणीचं तबक घेऊन उभ्या होत्या आणि गल्लीला ओरडून सांगत होत्या, "आमचे जावई हो! किती कष्टाळू बघा!"

नव्या कुर्त्यात, तीनशे पावलं, मी माझी गाडी ढकलत नेली. आणि खरं सांगू? मागून गाडी फारच सुंदर दिसते. तिथून डॅशबोर्ड दिसत नाही ना.