तो येतोय, गुरुवारी

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अंगावर नवे कपडे चढवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं वाटेला लावायचं, असा सुगंधाबाईच्या घरचा रिवाज. हा अधिक महिना तीन वर्षांतून एकदाच येतो. सासू-सासऱ्यांवर देवाची एवढी तरी दया आहे. पण शुक्रवारी आलेले जावईबापू आदिनाथ रविवार उजाडला तरी पिंगळीच्या स्टेशनाकडं तोंड करेनात. लेकीला, साधनाला, दवाखान्यात ड्युटी होती म्हणून ती शनिवारीच परभणीला परतली. आदिनाथांचं मात्र लग्नाच्या शूटिंगचं दुकान. अधिक महिन्यात लग्नं नसतात. त्यामुळं त्यांना परत जायचं काही कारणच उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी भुजंगरावांनी दाव्याला बांधलेल्या बोकडाकडं बघत विषय काढला.

“गुरुवारपस्तोर पैदाशीचं गिऱ्हाईक आलं तर आलं. न्हाईतर गुरुवारच्या बाजारात खाटकाला.”

सुगंधाबाईची भाकरी तव्यावरच राहिली. नवाब तिच्या हातचा. तिसऱ्या दिवशी आई मेलेलं एवढंसं काळं करडू तिनं बाटलीच्या दुधावर जगवलं होतं. आता त्याची पाठ तिच्या कमरेला लागायची. काळाभोर रंग, एका कानावर पांढरे ठिपके, आणि चाल अशी की सगळी वाडी आपल्याच मालकीची. पण दोन वर्षं झाली होती. त्याच्याच लेकी कळपात वयात आल्या होत्या. बोकड बदलावा लागतो, हे तिलाही कळत होतं. बदलणं निराळं आणि कापणं निराळं, एवढंच तिचं म्हणणं.

“चार दिसांत कुठलं गिऱ्हाईक येतंय?” ती म्हणाली.

ओसरीवर तिसरा चहा पीत बसलेल्या आदिनाथांनी कप खाली ठेवला. “मामी, फिकीर करू नका. आपुन नवाबचा ट्रेलर काढू.”

आदिनाथांना ट्रेलरचं वेड होतं. अख्खा सिनेमा त्यांनी शेवटचा कधी बघितला ते साधनालाही आठवत नव्हतं. ट्रेलर मात्र रोजचे दहा. सासूला कळावं म्हणून त्यांनी मोबाईलवर लागोपाठ सहा दाखवले. अंधार. धाडकन ठोका. पुन्हा अंधार. एका माणसाची पाठ. कुणीतरी म्हातारा थरथरत सांगतो, तो परत आलाय. जीप हवेत. बाई किंचाळते. मग सगळं एकदम गप्प, आणि त्या गप्पपणात एक काडी पेटते. शेवटी लोखंडाची असावीत अशी अक्षरं एकेक करून आपटतात.

सहाही बघून झाल्यावर सुगंधाबाईनं विचारलं, “ह्ये एकच हाय ना? सहा बार दाखवलं?”

“मामी, सहा वेगळे हायेत.”

“आन् त्या पाठमोऱ्या मानसाचं तोंड कवा दिसतंय?”

“तेच तर दाखवायचं न्हाई! दाखवलं की संपलं. आपुनबी नवाबला दाखवायचं न्हाई.”

“बोकड इकायचाय आन् बोकड दाखवायचा न्हाई?”

“एक डोळा दाखवू. लय झालं.”

“मग गिऱ्हाइकाला काय कळंल?”

“काहीच न्हाई. म्हनून तर ते येईल.”

सुगंधाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. भुजंगरावांनी तिच्याकडं पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट म्हणायची होती आणि ती जावयाला म्हणता येत नाही. धोंड्याच्या महिन्यात तर नाहीच नाही. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू; आणि विष्णूला कोण म्हणणार की बापू, तुमचं डोकं फिरलंय?

शूटिंग दोन दिवस चाललं. भुजंगरावांना हातात कुऱ्हाड देऊन गोठ्याच्या दारात उभं केलं. त्यांना एकच वाक्य होतं, “तो आलाय.” पहिल्या वेळी ते असं म्हणाले की जणू पोस्टमन आलाय. अकराव्या वेळी उन्हानं त्यांचा घसा बसला आणि आवाजात हवी होती तशी भीती आली. शेजारच्या केशरबाईला जीव घेऊन पळायचं काम दिलं, पण ती पळताना पदर सावरून कॅमेऱ्याकडं हसायची. जावईबापू कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात पाण्याचा टँकर आला.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. सगळ्या वाडीच्या बाया हंडे-घागरी घेऊन, पोरं काखेत मारून, एकमेकींना ढकलत, ओरडत धावल्या. केशरबाई सगळ्यांच्या पुढं. तिच्या तोंडावरची दहशत इतकी खरी होती की आदिनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. टँकर तेवढा त्यांनी कापला. धावणं ठेवलं.

शेवटची करामत आवाजाची. नवाबचं बेंबाटणं रेकॉर्ड करून त्यांनी ते चौपट सावकाश केलं. त्यातून जे निघालं ते ऐकून नवाब स्वतःच दोन पावलं मागं सरला.

“नाव? गाव? फोन नंबर?” भुजंगरावांनी भीतभीत विचारलं.

“मामा, ट्रेलरमदी कुनी पत्ता देतंय का?” आदिनाथ हसले. तर सोमवारी संध्याकाळी दीड मिनिटाचा तो ट्रेलर गावोगावच्या ग्रुपवर गेला. अंधार, ठोका, कुऱ्हाड, किंचाळत धावणाऱ्या बाया, गुरगुर, काळोखात चमकणारा एक पिवळा डोळा. आणि लाल अक्षरं: तो येतोय. गुरुवारी.

मंगळवारी सकाळी पहिला फोन आला, पण केशरबाईला. पूर्णेहून तिची लेक हुंदके देत विचारत होती, “आई, तू जित्ती हाईस का?”

“मला काय झालंय?”

“वाघ लागलाय ना तुज्या मागं! समद्या पूर्णेनं बघितलं!”

केशरबाईनं गैरसमज दूर करायला हवा होता. पण लेक गेल्या दिवाळीपासून रुसून बसली होती, ती आज पहिल्यांदा आईच्या काळजीनं रडत होती. केशरबाईला ते सुख मोडवेना. ती एवढंच म्हणाली, “वाचले बाई कशीबशी.”

दुपारपर्यंत वाडीत बिबट्या होता. टँकरमागं धावलेल्या बायांनाही वाटायला लागलं की आपण वाघाला भिऊनच पळालो होतो. संध्याकाळपर्यंत मादी आणि दोन पिल्लंही होती. ट्रेलरमधली कुऱ्हाड भुजंगरावांच्या गोठ्याजवळची, हे सगळ्यांनी ओळखलं. तेव्हा बिबट्याचा मुक्काम तिथंच ठरला. निंदणाच्या बाया रानात जायला तयार होईनात. सरपंच गोपाळराव स्वतः आले, आणि काही न विचारता भुजंगरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मोठ्या हिमतीचं मानूस.”

“सरपंच, त्ये वाघबिघ काय न्हाई,” सुगंधाबाईनं तोंड उघडलं. भुजंगरावांनी तिच्या पायावर पाय दिला.

सरपंच गेल्यावर ते कुजबुजले, “आख्ख्या गावात जावयाला खोटं पाडतीस का? पोरीच्या सासरी कळलं तर काय इज्जत राहील?”

“आन् मामी, गुरुवारपस्तोर कुनालाच सांगायचं न्हाई,” आतून आवाज आला. “सस्पेन्स फुटंल.”

बुधवारी सकाळी वनरक्षक सिद्धोधन पिंजरा घेऊन आले. शांत, सावळा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी गोठ्याभोवती, ओढ्याच्या कडेनं दोन तास माग शोधला आणि कुत्र्याच्या पावलांशिवाय काही सापडलं नाही असं सांगितलं. लोकांनी त्यांच्यापुढं मोबाईल धरला. सिद्धोधन लोकांना म्हणाले, “तुमचं समाधान व्हावं म्हनून लावतो पिंजरा. पर आत आमिषाला जनावर लागंल.”

जमलेली पन्नास माणसं एकदम गप्प झाली. असा गप्पपणा आदिनाथांना दोन दिवस खपून मिळाला नव्हता. मग गोपाळराव म्हणाले, “ज्याच्या दारात आलाय, त्याचंच द्यावं. भुजंगा, तुज्याकडं एक बोकड इकायला हायच की.”

सुगंधाबाईला वाटलं, आता तरी नवरा बोलेल. नवऱ्याला वाटलं, आता तरी जावई बोलेल. आणि जावई आकाशाकडं बघत होता, कारण उजेड छान पडला होता.

नवाब पिंजऱ्यात गेला तो मालकासारखा, पाल्याच्या पेंडीमागं ऐटीत. सिद्धोधननी सुगंधाबाईला समजावलं, “मावशी, ह्याचा कप्पा निराळा असतो. मधी जाळी हाय. बिबट्या आला तरी ह्याला धक्का लागनार न्हाई.”

“बिबट्या येनारच न्हाई,” ती म्हणाली.

“मग रडताय कशाला?”

बिबट्या नाही हे सबंध तालुक्यात ज्या चौघांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यातली ती एक. आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तो तिचा एकटीचा. वाडी बिबट्याच्या भीतीनं दारं लावून गाढ झोपली. जावईबापू अंगणातल्या बाजेवर घोरत होते.

गुरुवार उजाडला आणि चहूबाजूंनी माणसं यायला लागली. मोटारसायकली, टमटम, दोन टेम्पो. ट्रेलरनं गुरुवार सांगितला होता, आणि सांगितलेल्या वेळेला येणारी गोष्ट लोकांनी आयुष्यात फारशी पाहिलेली नसते. झाडांवर, पाण्याच्या टाकीवर माणसं बसली. बर्फाचा गोळेवाला आला. पिंजऱ्यात नवाब रवंथ करत होता.

सिद्धोधन आले ते थेट सुगंधाबाईपाशी. “मावशी, हा व्हिडिओ काल घरी नीट बघितला.” त्यांनी मोबाईल पुढं केला. काळोखात पिवळा डोळा थांबलेला. “बिबट्याची बाहुली गोल असती. ही बघा.”

बाहुली आडवी होती. पैशाच्या पेटीवरच्या फटीसारखी, सरळ आडवी.

“अशी बाहुली शेळ्या-मेंढ्यांची,” सिद्धोधन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि पिंजऱ्याकडं वळले. नवाबनं त्याच डोळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं.

गर्दीच्या माना नवाबवरून भुजंगरावांवर आणि भुजंगरावांवरून जावयावर आल्या. सासऱ्यानं कुऱ्हाड कुठं ठेवली ते आदिनाथ डोळ्यांनी शोधत होते. दोन दिवस घरी बसून रोजगार बुडवलेल्या बाया तिथं होत्या. त्यांच्या हातात खुरपी होती.

सुगंधाबाई पुढं झाली. पायावर पाय द्यायला भुजंगराव या वेळी जवळ नव्हते.

“हाच त्यो,” ती पिंजऱ्यावर हात ठेवून म्हणाली. “आमचा नवाब. इकायचाय म्हनून आमच्या पाव्हण्यांनी जाहिरात काढली. गुरुवारी येतोय म्हनले, आलाय. कुनी वाघ म्हनलं होतं का त्यात? बघा की पुन्यांदा.”

लोकांनी खरंच पुन्हा बघितलं. ट्रेलरमध्ये वाघ म्हटलेलं नव्हतं. तसं पाहिलं तर काहीच म्हटलेलं नव्हतं.

“एवढंच?” टाकीवरून कुणीतरी ओरडलं. तिकीट काढून थेटरातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा असतो, अगदी तो आवाज. लोक उतरायला लागले. केशरबाई तेवढी मोबाईल लपवत घरात गेली.

गर्दीतून एकजण मात्र पुढं आला. गंगाखेडचे राजेश्वर अप्पा; गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, नुकतंच शेळीपालन काढलेलं. चाळीस शेळ्यांच्या काळजीनं ते बिबट्याचा अंदाज घ्यायला आले होते. पिंजऱ्याला सगळीकडून जाळी. अप्पांनी नवाबला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, मागून वाकून बराच वेळ पाहिलं, दात पाहिले.

“बाई, हा इकायचाय? मग तसं सांगायचं की! म्या तो व्हिडिओ सहा बार बघितला. त्यात बोकड कुठाय?”

“त्ये आमच्या पाव्हण्यांना इचारा,” सुगंधाबाई म्हणाली. मग हळूच, “अप्पा, तुमी… खात न्हाई ना?”

“शिव शिव! घरात अंडंसुदीक येत न्हाई.”

ती काय समजायचं ते समजली. नवाब आता म्हातारा होऊन मरणार होता.

सिद्धोधननी आदिनाथांना तिथंच उभं करून दुसरा व्हिडिओ काढायला लावला. उजेडात, तोंड दाखवून, नाव-गाव सांगून, गाण्याशिवाय: बिबट्या नाही, माझी चूक झाली. तो अकरा जणांनी पाहिला.

दुपारी अप्पांचा टेम्पो आला. नवाब चढला, बसला आणि वळणावरून दिसेनासा झाला. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यानं. सुगंधाबाई हातातलं रिकामं दावं गुंडाळत तिथंच उभी राहिली.

तासाभरानं जावईबापूही निघाले, नवे कपडे घालून. “बघा मामी,” ते म्हणाले, “गुरुवारी गिऱ्हाईक आलं का न्हाई?”

आलं होतं. पुढचा धोंडा तीन वर्षांनी, एवढाच हिशेब मनाशी धरून ती त्यांना वाटेला लावायला फाटकापर्यंत गेली. फाटकापाशी आदिनाथ थांबले. पाठमोरेच उभे राहिले. मग सावकाश मान वळवली.

“मामी… मी येतोय.”

“अगं बाई! कवा?”

आदिनाथ हसले. “तेच तर सांगायचं न्हाई.”

आणि त्यांना स्टेशनावर सोडायला निघालेल्या मोटारसायकलची धूळ खाली बसेपर्यंत सुगंधाबाई तिथंच उभी राहिली. सहा ट्रेलर बघून जी भीती वाटली नव्हती, ती आत्ता वाटत होती.