भारतात दुसरा माणूस उपलब्ध नाही

वसंतनानांच्या घरी जाताना पेढे नेले नाहीत तरी चालतं, आधार कार्ड मात्र न्यावं लागतं. आखाजीच्या सणाला शिंदखेड्याहून त्यांची सख्खी बहीण माहेरपणाला आली, तर नानांनी पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी विचारलं, "अक्का, परतनी तारीख काय लिखू?" अक्का त्याच पावली परत निघाल्या होत्या. नानांनी तीही नोंद केली.

जळगावच्या मेहरूणमध्ये आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत, आणि वीस वर्षं मी ह्या माणसाला बघतोय. मी जरा वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. ती स्वतःही जरा वाढवूनच सांगते. पण नानांच्या बाबतीत वाढवायला जागाच नसते. प्रत्येक कागदाच्या ते नऊ प्रती काढतात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने घरावर दुसरा मजला चढवला, तो एकट्या नानांच्या जिवावर. वास्तुशांतीला पहिला मान त्यांचाच होता.

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर नाना कांतीशेठच्या केळीच्या पॅकिंग हाउसमध्ये कागदपत्रं बघायला लागले. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "कागद बोलस, मानूस नुसता बडबडस." हे ते बहुतेक माझ्याकडे बघून म्हणतात.

कांतीशेठना केळी परदेशी पाठवायची होती. घड कसा उतरवायचा, चीक कसा धुवायचा, डाग न पडता फणी खोक्यात कशी बसवायची, हे शिकवायला त्यांनी फिलिपिन्सचा एक उस्ताद ठरवला. नाव रोमेल. आता परदेशी माणूस नोकरीवर ठेवायचा तर सरकारला लिहून द्यावं लागतं, की ह्या कामाला लायक माणूस भारतात मिळत नाही. शेठ म्हणाले, नाना, दोन ओळी खरडा, सही तुमचीच चालते.

नाना म्हणाले, न शोधता कसं लिहू?

आणि शोधायला निघाले. धुळ्याच्या आणि जळगावच्या पेपरात जाहिरात दिली. मुलाखती स्वतः घेतल्या. एक उमेदवार म्हणाला, मी केळं न सोलता आतलं सांगतो. नानांनी त्याला केळं दिलं. त्याने सांगितलं, आत केळं आहे. मग नाना एसटीने रावेरपासून मुक्ताईनगरपर्यंत फिरले, बांधाबांधावर विचारत. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी एका वानरालाही विचारलं, कारण केळीचा अनुभव होता. तीन महिने गेले. शेठचे उरलेसुरले केस गेले. मगच नानांनी पत्रावर सही केली.

रोमेल आला आणि नानांच्याच माडीवर राहिला. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत पोलिसांना कळवावं लागतं. रोमेलचा एक बूट पायात होता तेव्हाच नानांनी कळवून टाकलं. पुढे पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात नोंदणीला चौदा दिवसांची मुदत. नाना दुसऱ्याच दिवशी नऊ प्रती घेऊन हजर. तिथल्या माणसाने एकच मागितली, तेव्हा नानांचा चेहरा पाहवत नव्हता.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे गप्पा फार रंगायच्या. नाना अहिराणीत बोलत, तो त्याच्या बोलीत. भरीत खाताना पहिल्या दिवशी त्याचे डोळे वाहिले, महिन्याभरात तो वरून ठेचा मागू लागला. नानांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी सुरतेला. इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरातून एकाच ताटाचा आवाज यायचा. आता भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायला लागलं. माझी बायको म्हणाली, नाना हसतात हे आपल्याला ठाऊकच नव्हतं.

वर्ष सरत आलं. मुदत वाढवायची तर पुन्हा तेच पत्र लागणार होतं. शेठ म्हणाले, जुनंच घ्या, तारीख बदला. रोमेल मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, शेठ ठेवतील तर राहीन. पण रोज जेवण झालं की तो मोबाइलवर आपल्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो काढून नानांना दाखवायचा, आदल्या दिवशी दाखवलेलाच.

अडचण अशी, की दरम्यान मुक्ताईनगरची संगीता त्याच्या हाताखाली तयार झाली होती. तिने बसवलेलं खोकं रोमेल उघडूनही बघत नसे.

नाना तीन दिवस कामावर गेले नाहीत. मी त्यांना समजावलं. म्हटलं, नाना, कोण तपासायला येतंय? दोन ओळी लिहा, माणूस अजून वर्षभर घरात राहील. त्यांनी पहिल्यांदाच मला कागदाबद्दल काही ऐकवलं नाही.

चौथ्या दिवशी ते शेठसमोर उभे राहिले. "शेठ, हाई पत्र मी देत नही. घड, चीक, फणी, संगीता बठ्ठं काम करस."

शेठ दोन दिवस धुसफुसले, मग त्यांनी संगीताला पॅकिंगची प्रमुख केलं. रोमेलने मुलीसाठी आमच्या बाजारातून बांगड्या घेतल्या. नानांनी त्याला मुंबईपर्यंत नेऊन विमानात बसवून दिलं.

आठवड्याने मी सहज डोकावलो. नाना ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, नाना, एका खोट्या ओळीने काय बिघडलं असतं? ते उठले, कपाटातून एक कागद आणला आणि माझ्या हातात दिला. तेच पत्र होतं, नव्या तारखेचं. सुबक अक्षर, खाली सही. फक्त दिलेलं नव्हतं. प्रतही एकच होती.

पहिले तीन मुद्दे केळीचे: घड, चीक, फणी. ह्या कामांना भारतात दुसरा माणूस उपलब्ध नाही. खाली चौथा होता:

"सदर इसम रोज संध्याकाळी मेहरूण तलावाला माझ्यासोबत एक फेरी मारतो. ह्या कामासाठीही भारतात दुसरा माणूस उपलब्ध नाही."

तलाव आमच्या दारापासून दहा मिनिटांवर आहे.

मी कागद परत दिला. म्हटलं, खोटं पत्र घरात कशाला ठेवता, फाडून टाका.

नानांनी त्याची घडी घातली.

"पहिला तीन मुद्दा खोटा शेतस, भाऊ," ते म्हणाले. "चवथा खरा शे. मंग कसा फाडू?"