याद्विगाकाकूंचा जून

कोणाचेही मन तर्काने जिंकता येते, असा माझा, एका शाळामास्तराचा, ठाम सिद्धान्त होता. त्यात होणाऱ्या सासूबाईंचाही मी समावेश केला, एवढीच काय ती गफलत.

किंगाशी लग्न करण्यासाठी तिच्या आईचा, म्हणजे याद्विगाकाकूंचा होकार हवा होता आणि तो वर्षभर अडून बसला होता. आमच्या क्राकूफमध्ये नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवशी, बोलावणे लागत नाही. फुले घेऊन दारात उभे राहावे, घरच्यांनी खाऊ घालावे. काकू ऑक्टोबरातला, सायलेशियाच्या संत याद्विगेचा दिवस पाळत. मी म्हटले, जिच्या खिडकीतून वावेलचा किल्ला दिसतो, तिने तिथे चिरनिद्रा घेणाऱ्या राणी याद्विगेचा जूनमधला दिवस पाळणेच न्याय्य. शेजारीपाजारी, नातेवाईक, सर्वांना मी तसे सप्रमाण पटवून दिले. काकूंना तेवढे सांगायचे राहिले.

दार उघडले तेव्हा त्यांच्या केसांत कुरळे करायच्या नळ्या होत्या.

"कोण गेलं?" फुलांकडे पाहत त्यांनी विचारले.

"नामदिनाच्या शुभेच्छा, काकू. आज राणीचा दिवस."

"माझा ऑक्टोबरात असतो, मास्तर."

"ती याद्विगा जोडे काखेत मारून अनवाणी हिंडायची. आपल्या राणीने विद्यापीठासाठी दागिने दिले. तुम्हीच तुलना करा."

"माझ्याकडे दागिने नाहीत आणि केकही नाही. कशाची तुलना करू?"

तेवढ्यात घंटा वाजली. खालचे तादेउशकाका सहकुटुंब आले. त्यांच्यामागे काकूंची नणंद होती, जिच्याशी काकूंचा कित्येक वर्षांचा अबोला होता.

"आत्यालाही सांगितलंस?" किंगा कुजबुजली.

"तर्काला अपवाद नसतो."

"आईला असतो."

घरात शिळा पाव, काकडीचे लोणचे आणि रविवारसाठी केलेले कोबीचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, एवढेच होते. पाहुण्यांनी सगळे संपवले. रिकाम्या बशीकडे पाहत नणंद म्हणाली, "ऑक्टोबरात निदान केक तरी असायचा."

आता माझे लग्न मोडणार, हे मला स्पष्ट दिसले. काकूंनी मान ताठ केली.

"केक त्या सायलेशियावालीच्या दिवशी. राणीच्या दिवशी साधंच जेवतात. तुला नाही कळायचं ते."

पाहुणे गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "नणंदेसमोर बोलून बसले, आता दरवर्षी जून पाळणं आलं. ऑक्टोबरही मी सोडणार नाही. दोन्ही वेळची भांडी तुम्ही घासायची."

"म्हणजे... होकार?"

"परक्या माणसाला मी माझ्या चिनी मातीच्या बश्यांना हात लावू देईन होय?"

सायलेशियाची याद्विगा कडक उपास करायची, हा बिनतोड मुद्दा मी ऑक्टोबरसाठी राखून ठेवला होता. त्या दिवशी केक समोर येताच तो मांडायला तोंड उघडले, आणि किंगाने टेबलाखालून मला पायाने थांबवले. तिचे जोडे काखेत नव्हते.