मोझेसचं माप

माप घ्यावं तर मीच! चाळीस वर्षं जाळी विणली, शिडं बेतली, पण टेप कधी हातात धरली नाही. तेव्हा कुत्र्याचं लाइफ जॅकेट निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

मोझेस हा आमच्या न्यूफाउंडलंड बेटाच्याच जातीचा कुत्रा. वजन सत्तर किलो, आणि पाणी दिसलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पण यंदा त्याला अकरावं लागलं, मागचे पाय थकले. डॉक्टरांनी बजावलं, पाण्यात गेला तर जॅकेट घालूनच, नाहीतर घरी बांधून ठेवा.

घरी कसं ठेवणार? दर ऑगस्टला आम्ही होडीने खाडीपलीकडच्या जुन्या गावी जातो आणि किनाऱ्यावर शेकोटी पेटवून चहाची केटली ठेवतो. गाव कधीच उठलं. मी सहा वर्षांचा असताना सरकारने सगळ्यांना खाडीच्या अलीकडे यायला लावलं. बाबांनी आमचं लाकडी घर रिकाम्या पिंपांवर तरंगवून ओढत आणलं, आणि मोझेसचा खापरपणजोबा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पोहत आला. ते काळं डोकं मला अजून दिसतं. मोझेसशिवाय तिकडे जाणं माझ्याच्याने झालं नसतं.

दुकानातली युलेलिया म्हणाली, आधी त्याला भिजवा, मग माप घ्या. मी तिला माझी चाळीस वर्षं ऐकवली आणि सगळ्यात मोठं, नारिंगी, पाठीवर मूठ असलेलं जॅकेट उचललं. घरी मोझेसच्या फुललेल्या केसांवर ते असं बसलं की मी मिशीला पीळ दिला. बायको, फिलोमिना, एवढंच म्हणाली, "यात तुझा भाऊसुद्धा मावेल."

जुन्या गावाचा किनारा दिसला मात्र, मोझेसने उडी ठोकली. केस भिजले, अंगाला चिकटले आणि कुत्रा निम्मा उरला! सैल विजारीतून निघावा तसा तो जॅकेटमधून बाहेर आला. त्याचा गळपट्टा धरायला मी वाकलो आणि सरळ पाण्यात गेलो.

मला पोहता येत नाही. आमच्याकडे माझ्या वयाच्या एकाही कोळ्याला येत नाही. बाबा म्हणायचे, पाणी इतकं गार आहे की पोहणाऱ्याला फक्त मरायला उशीर लागतो. मी होडीच्या काठाला लोंबकळलो, फिलोमिनाने माझी कॉलर धरली, आणि आम्ही दोघांनी मोझेसला हाका मारल्या.

मोझेसने माझ्याकडे पाहिलं. मग तरंगणाऱ्या जॅकेटकडे पाहिलं. मग त्याने जॅकेट तोंडात धरलं, किनाऱ्यावर नेलं, नीट वाळूवर ठेवलं, अंग झाडलं, आणि सावकाश मला न्यायला आला.

माझी बाही फाटली, पण जीव वाचला. घराच्या जागी आता चार दगड आहेत. जिथे आईची चूल होती तिथे मोझेस धापा टाकत आडवा झाला. मी त्याच्या ओल्या मानेत तोंड खुपसून रडलो. फिलोमिनाने मला चहा दिला आणि ते जॅकेट झटकलं.

"पुढच्या वर्षी त्याच्यासाठी लहान आणू," ती म्हणाली. "हे तू घाल. मूठ आहे, त्याला धरायला सोपं जाईल."

मला राग आला. कुत्र्याचं जॅकेट मी घालू? चार दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. पाचव्या दिवशी ती बाजारात गेल्यावर दार लावून घेतलं आणि घालून पाहिलं.

अगदी बेतल्यासारखं बसलं. टेपसुद्धा लागली नाही.