मनोरा सरळ करण्याची पद्धत

मनुष्य एखाद्या गावी जाऊन आला हे त्याच्या पायांवरून सिद्ध होत नाही, फोटोवरून होतं. पाय काय, सगळ्यांचेच दुखतात. म्हणून ज्या शहराने स्वतःला जगाच्या स्वाधीन केलं आहे, तिथल्या रहिवाशाचं पहिलं कर्तव्य म्हणजे फोटोत येऊ नये, आणि दुसरं म्हणजे आलंच तर शोभेल असं यावं. आम्ही व्हेनिसकर ही दोन्ही कर्तव्यं बिनतक्रार पार पाडतो. (तक्रार नोंदवायची खिडकी आहे. तिची चौकट फोटोत छान येते, त्यामुळे तिथे कायम गर्दी असते.)

पाहुण्याची अडचण समजून घेतली पाहिजे. सकाळी आलेला पाहुणा दुपारी जाणार असतो. तेवढ्यात त्याला हजार वर्षांचा इतिहास, एक आइस्क्रीम आणि एक स्वच्छतागृह उरकायचं असतं. यात सर्वांत कमी वेळ इतिहासाला लागतो. अशा माणसाच्या कॅमेऱ्यासमोरून भाजीची पिशवी घेऊन आडवं जाणं बरं दिसत नाही. तेव्हा आमच्याकडे रीत अशी, की पुलावर कुणी फोन उचललेला दिसला की जागच्या जागी थांबायचं. पोस्टमन थांबतो, डॉक्टर थांबतो, डॉक्टरला बोलवायला निघालेलाही थांबतो. माझ्या हिशेबाने आमच्या वस्तीतल्या माणसाचं एक-नवमांश आयुष्य असं निश्चल उभं राहण्यात जातं. इतर देशांत यालाच ध्यान म्हणतात आणि त्याचे वर्ग लावतात.

आमच्या वस्तीत सान ओर्सोचा मनोरा आहे. तो बांधून झाला तेव्हापासून कालव्याच्या बाजूला कललेला आहे, आणि आमची त्याबद्दल काही तक्रार नाही. पाहुण्यांना मात्र वाटतं, आपलाच हात वाकडा झाला. मग ते फोन तिरपा करतात. मनोरा ताठ होतो आणि घरं, पूल, माणसं आणि कालव्यातलं पाणीसुद्धा एका अंगावर घरंगळतं. पाण्याला उतारावर स्थिर ठेवणं आमच्या इंजिनिअरांना अजून जमलेलं नाही, पाहुण्यांना जमतं.

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ओलिंदो बुसेत्तोला एवढी एकच गोष्ट सहन होत नसे. पाण्यावरच्या बसमध्ये तिकिटं तपासण्यात त्याचा जन्म गेला. बाकी माणूस गरीब. पण मनोरा कुणी सरळ करू लागलं की तो हातातलं काम टाकून पुढे व्हायचा.

त्या शुक्रवारी त्याला नोटरीकडे जाऊन घराच्या करारावर सही करायची होती. घरमालकीण मेस्त्रेला, म्हणजे पलीकडे जमिनीवर राहते. आपली सही करून ती बजावून गेली होती: शुक्रवारी दुपारी कचेरी बंद व्हायच्या आत ओलिंदोने सही केली तर घर आणखी आठ वर्षं त्याचं, नाही केली तर पाहुण्यांना भाड्याने. एकूण मुद्दा स्वच्छ होता.

त्याची बायको इनेस हिने मला सोबत धाडलं. निघताना तिने नवऱ्याचा कोट झटकला आणि म्हणाली, "आधी सही. मग साऱ्या जगाला फोटो शिकव. कुणी फोन पुढे केला तर तुला हातच नाहीत असं समज."

"मी कुठे कुणाला शिकवतो?" ओलिंदो म्हणाला.

"आणि तू रे," ती माझ्याकडे वळली, "तू त्याला ओढत ने. तूही तसलाच आहेस म्हणा."

वाट पाव तासाची, आम्ही दीड तास आधी निघालो. पहिल्या पुलावर नवरीचा पोशाख घातलेली एक बाई एकटीच हसत होती. (नवरदेव नव्हता. विचारल्यावर कळलं की अजून ठरायचा आहे.) आम्ही थांबलो. दुसऱ्या पुलावर एक गृहस्थ कालव्यासमोर आइस्क्रीम धरून होते. ते वितळलं, ते दुसरं आणायला गेले, आणि आम्ही त्यांची जागा धरून ठेवली. तिसऱ्या पुलाखालून कचऱ्याची होडी चालली होती, तिचे फोटो घेणारे पन्नासेक जण होते. होडीवाला ओरडला, "ओलिंदो, हात तरी हलव, लेका, आज आपण दोघंही प्रसिद्ध होतोय." ओलिंदोने हात खिशात घट्ट धरून ठेवले. मला त्याचा फार अभिमान वाटला.

शेवटच्या पुलावर, मनोऱ्यासमोर, पांढरे बूट घातलेलं एक कुटुंब होतं. झेंडा उंच धरून पुढे चालणाऱ्या त्यांच्या वाटाड्याने त्यांना दहा मिनिटं दिली होती. गृहस्थांनी फोन तिरपा केला. मनोरा ताठ होऊ लागला.

"नाही," ओलिंदो हळूच म्हणाला.

"ओलिंदो, इनेस काय म्हणाली?"

"एकच. एवढी लांबून आली आहेत बिचारी. घरी जाऊन लोकांना काय दाखवतील?"

त्याने हात बाहेर काढले. गृहस्थांनी हसून फोन त्याच्या स्वाधीन केला. मग त्याने आजीला सावलीतून बाहेर घेतलं, मुलांना उंचीप्रमाणे लावलं, होडी जाऊ दिली, दुसरी येऊ दिली. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती, त्यामुळे वादही झाला नाही. शेवटी त्याने श्वास रोखला आणि फोटो काढला. पाणी सपाट, माणसं ताठ आणि मनोरा जसा आहे तसा, कललेला. बाईंनी खूश होऊन पिशवीतून शेंगदाणे आणि गूळ घातलेली एक टणक चौकोनी वडी त्याच्या हातावर ठेवली.

नोटरीच्या दारात कारकून कुलूप लावत होता.

"साहेब जेवायला गेले."

"बोलवा ना त्यांना," मी म्हणालो.

"जेवणावरून? तुम्ही इथलेच ना?" त्याने मला नीट न्याहाळलं. "सोमवारी या."

सोमवारी घर ओलिंदोचं नव्हतं. ही पुढची गोष्ट झाली. त्या दुपारी घरी इनेसने विचारलं, "सही?"

"फोटो चांगला आला," तो म्हणाला, आणि अर्धी वडी तिच्यापुढे केली.

खिडकीबाहेरच्या दोरीवरून ती कपडे आत ओढू लागली. ते अजून ओले होते. मला फार वाईट वाटलं, हे मी इथे स्पष्ट सांगतो.

आता ती दोघं मेस्त्रेला राहतात, तिथे पूल नाहीत, त्यामुळे कुठेही वेळेवर पोचतात. त्यांच्या इथल्या जुन्या घराच्या खिडकीत आता लाल कागदी फुलं आहेत. तुमचा तो पुलावरचा फोटो पाहून तुमचे साडू मे महिन्यात तिथेच उतरले होते. अगदी घरच्यासारखं वाटतं, असं त्यांनी अभिप्रायात लिहिलं आहे आणि ते खरं आहे.

फोटो तुम्ही हॉलमध्ये लावलात, त्याबद्दल ओलिंदोच्या वतीने आभार. म्हाताऱ्याचा हात जरा हलला असावा, असं तुम्हाला विमानात वाटलं आणि तुम्ही बोटाने तो सरळ केलात, हेही आमच्या ध्यानात आलं आहे. मनोरा आता ताठ आहे. एकदा जवळ जाऊन पाहा. आजी, मुलं, बाई आणि तुम्ही, सगळे एका बाजूला कलला आहात.