ठमीचा लगदा

एका जंगलात रेंज होती. बाकी काही धड नव्हतं, पण रेंज होती. ए, तो मोबाईल खाली ठेव आणि ऐक.

तर त्या जंगलात तळं होतं. तळ्याकाठी तानुबाई बदकीण आणि तिची लेक ठमी. पोर मोठी झाली की तिला पाण्यात ढकलायचं, एवढीच बदकांची शाळा.

तिथं एक बगळा होता. सगळे त्याला धवलसर म्हणायचे. जन्मभर एका पायावर उभा राहिला, पोहला कधीच नाही. म्हणून त्याला पोहण्याच्या शाळेचा हेडमास्तर केला.

बगळा म्हणाला, "तानुबाई, ढकलाढकली आता बंद! यंत्रगुरू शिकवणार. मोबाईलवर, घरबसल्या."

"पाण्याशिवाय?"

"पाणी जुनं झालं हो!"

शाळा सगळ्यांना खुली होती. कोल्ह्यानंही नाव घातलं. बदकं तळ्यात पळतात म्हणून त्याला पोहायला शिकायचं होतं. वर्गात कॅमेरे बंद. कोण बसलंय, कुणाला कळतंय?

पहिल्याच दिवशी ठमी म्हणाली, "यंत्रगुरू, मला पोहायचं शिकवा."

यंत्राला ऐकू आलं, पोह्यांचं शिकवा.

"वा! फार सुंदर प्रश्न विचारलास!" यंत्र म्हणालं. कुणी काहीही विचारलं तरी ते हेच म्हणायचं. "आधी स्वच्छ धुऊन घ्यावे. पाण्यात जास्त वेळ ठेवू नये, लगदा होतो. मग निथळत ठेवावे. हळद-मीठ लावावे."

पोरांनी पाठ केलं. हसतोस काय? तूही असंच पाठ करतोस.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लं बुडी मारायची आणि धावत बाहेर यायची.

"अगं, थांब की पाण्यात!" तानुबाई ओरडली.

"नको आई, लगदा होतो!"

तानुबाई बगळ्याकडे गेली. "अहो सर, ही पोरं काठावर वाळत बसलीत. कोल्हा आला म्हणजे?"

"तुम्ही शिकलेल्या नाही," बगळा म्हणाला. "यंत्राचं चुकत नसतं."

परीक्षा यंत्रानंच घेतली. सगळे पहिल्या वर्गात. कोल्हा तर पहिला आला.

आणि एके सकाळी तो तळ्यावर आला. बघतो तर पिल्लं ओळीनं बसलेली. धुतलेली, निथळलेली, हळद-मीठ लावलेली.

कोल्ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय हो हे शिक्षण!" म्हणाला, आणि पुढं सरकला.

तानुबाईनं ठमीच्या पाठीत चोच हाणली. "उतर पाण्यात!"

"आई गं, लगदा होईल!"

"होऊ दे! याच्या पोटात काय लाडू होणार आहे तुझा?" आणि दिली ढकलून. मागोमाग बाकीची पिल्लंही ढकलली.

ठमी "लगदा! लगदा!" ओरडत तळ्याच्या मधोमध पोचली. तिथं तिच्या लक्षात आलं, आपण तरंगतोय.

कोल्ह्यानंही उडी मारली. बदकं हातभर अंतरावर होती. पण पहिला नंबर तो! त्यानं दोन क्षण अंग भिजवलं, घाईनं बाहेर आला आणि काठावर निथळत बसला. मीठ कुठं मिळतंय ते शोधत.

संध्याकाळी बगळ्यानं ठमीला नापास केलं. शेरा लिहिला, 'अभ्यासक्रम सोडून पोहली.'

तात्पर्य : ऑनलाइन शाळा वाईट नसते, पोरांनो. आपली पोरं पाण्यात ढकलावीत आणि कोल्ह्याचं नाव त्या शाळेत आपण होऊन घालून यावं.